रिकाम्या घराची बेल

काहीतरी चुकतंय असं पहिल्यांदा वाटलं ते एका हसण्यामुळे.

पहिल्या एपिसोडचं वाचन चालू होतं. सीन मी लिहिलेला. एकटे राहणारे पेन्शनर भाऊसाहेब भाजी घेऊन घरी येतात, बेल वाजवतात, जरा थांबतात, खिशातून किल्ली काढतात, दार उघडून आत जातात. विनोद आत गेल्यावर सुरू व्हायचा होता. पण 'किल्ली काढतात' एवढं वाचून झालं आणि सगळे हसले. जयेशभाई तर चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

मी दचकले. दचकणं हा माझा मुख्य व्यवसाय आहे, लेखन त्यानंतर. पानं उलटून पाहिली. तिथे मी विनोद लिहिलेलाच नव्हता.

"पण घरमां छे कोण?" जयेशभाईंनी विचारलं. "माणूस एकटा. किल्ली त्याच्या खिशात. मग बेल कोणासाठी?"

 माणसं घरी येताना बेल वाजवतात आणि मग किल्लीने दार उघडतात, सगळ्यांच्या घरी तसंच असतं, अशी माझी पंचवीस वर्षांची समजूत होती.

किस्से हे असेच साठतात. आम्ही चौघं आठ एपिसोडची एक विनोदी मालिका लिहायला बसलो होतो. हसवणाऱ्या गोष्टी शोधता शोधता जीव जायचा, आणि ज्या शोधल्या नव्हत्या त्या टेबलाखाली, पंख्याखाली, चहाच्या कपाच्या तळाशी जमत जायच्या. आमच्या खोलीच्या खाली लोखंड कातणाऱ्या लेथचं वर्कशॉप आहे. तिथे लोखंडाच्या पातळ वळ्या जमिनीवर पडलेल्या असतात, कामाचा भाग दुसरीकडेच गेलेला असतो. पण दुपारचं ऊन आत आलं की चमकतात त्या वळ्याच. तसंच काहीसं.

*

खोली बडोद्यात, गोरव्याला, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. तिथे का, तर जयेशभाईंच्या मित्राची रिकामी पडून होती म्हणून. जयेशभाई आमचे मुख्य लेखक. तीस वर्षं गुजराती नाटकं लिहिली, माझ्याशी मात्र हट्टाने मराठी बोलतात, त्यांच्या पद्धतीचं.

लोखंडी जिना थेट वर्कशॉपमध्ये उतरतो. जिन्याला दार नाही. त्यामुळे आमचं वाचन खाली ऐकू जातं आणि खालचं लेथ वर. लेथवर रमणकाका. जयेशभाईंनी ठरवून टाकलं होतं की आपली खरी परीक्षा हीच. "ज्या दिवशी आपल्या जोकवर रमणभाईंचं लेथ थांबेल, तो जोक पास."

आम्ही जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मोठमोठ्याने वाचायचो. लेथ चालूच. सासू-जावयाचा सीन वाचला, चालू. भाऊसाहेब लिफ्टमध्ये अडकतात तो वाचला, चालू. कधीकधी तर मला वाटायचं की आमच्या विनोदावर ते जरा जास्तच जोरात चालतंय.

एका दुपारी जयेशभाईंनी स्वतःचा अत्यंत लाडका डायलॉग वाचला आणि लेथ थांबलं. एकदम शांतता. जयेशभाईंनी कागद छातीशी धरला. आमच्या चौघांतल्या मंदारने त्यांचा हात हातात घेतला. आम्ही टाळ्या वाजवल्या.

खालून रमणकाकांचा आवाज आला, "लाइट गई छे, भाई!"

डोक्यावरचा पंखाही थांबला होता. ते कुणी बघितलंच नव्हतं.

*

मंदार कोयलीला रिफायनरीत शिफ्टमध्ये असतो आणि तिथून थेट आमच्याकडे येतो. विनोदाकडे तो पाइपलाइनसारखा बघतो. "इथे प्रेशर वाढलं," तो बोर्डावर बोट ठेवून म्हणतो, "आता बाहेर कुठून पडणार ते सांग. नाहीतर तिसऱ्या मिनिटाला लोक उठून जातील."

एकदा रात्रपाळी करून आलेला मंदार टेबलावर डोकं ठेवून झोपला. आम्ही पाचव्या एपिसोडच्या मधल्या भागात अडकलो होतो. तीन दिवस अडकलो होतो. बाहेर कडुनिंब सळसळत होता, पंख्याच्या वाऱ्यावर भिंतीवर टाचलेली सीनची रंगीत कार्डं हलकेच वर-खाली होत होती, आणि खोलीत झोपेचा एक गोड वास पसरला होता. तेवढ्यात मंदार झोपेत हसला.

नुसतं हसला नाही. आधी हुंकार, मग थोडं थांबणं, मग खांदे हलेपर्यंत खदखदून. पक्क्या बांधणीचा विनोद असल्याशिवाय माणूस असं हसत नाही. आम्ही श्वास रोखून त्याच्या उठण्याची वाट बघितली.

उठला, तर त्याला काही आठवेना. "भाऊसाहेब होते," एवढंच म्हणाला, "आणि एक म्हैस. की टेबल?"

जयेशभाई उठले, पडदा ओढला, लेथ हळू चालवायची विनंती खाली पाठवली आणि मंदारला परत झोपवलं. आम्ही तिघं तासभर त्याच्याभोवती बसून होतो. तो निवांत झोपला, हसला मात्र नाही.

आमच्यातली चौथी, हेतल, तिने एका पिवळ्या कार्डावर 'अज्ञात विनोद' असं लिहिलं आणि पाचव्या एपिसोडच्या मध्यावर टाचलं. ते अजून तिथेच आहे. खरं सांगायचं तर आमच्या सगळ्या कार्डांत ते मला सगळ्यात मजेशीर वाटतं.

*

हेतल म्हणजे कार्डं आणि वेळ सांभाळणारी. कोणता सीन किती मिनिटं, कोण कुठे हसलं, हे सगळं तिच्या वहीत. स्वतः हसत नाही. आम्ही दोघी गोरव्यातच एका पीजीत एका खोलीत राहतो, त्यामुळे माझं दचकणं तिला तोंडपाठ आहे.

कुकरची शिट्टी, दाराची कडी, मोबाइलचा आवाज, दचकायला मला काहीही चालतं. पहिल्याच आठवड्यात हेतलने बाथरूममधून मला नुसती हाक मारली आणि मी इस्त्री सोडली, फरशीवर. मग मी तिला आमच्या घरची फोनची पद्धत शिकवली. आधी एक रिंग द्यायची आणि कापायचा. मग मिनिटभराने करायचा. एक रिंग वाजून थांबली की समजायचं, आपलं माणूस आहे, आता खरा फोन येणार. आमच्या घरी मी बाबांना आणि बाबा मला असाच फोन करायचो.

हेतलने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "एटले, म्हणजे तुमच्याकडे फोन पण आधी खाकरून येतो."

तिच्याच स्टेपलरच्या आवाजाने मी एकदा चहाचा पूर्ण कप चौथ्या एपिसोडवर सांडला. भिंतीवरची अकरा कार्डं भिजली. शाई ओघळली. आम्ही ती उन्हात वाळवली आणि परत टाचली, पण क्रम कुणालाच आठवेना. आधी भांडण आणि मग त्याचं कारण, आधी माफी आणि मग चूक, असं काहीतरी लागलं. दोन आठवडे न हलणारा एपिसोड त्या दिवशी तासाभरात सुटला.

जयेशभाई हात जोडून म्हणाले, "अनघाबेन, आता सहाव्यात पण जरा दचका ना."

*

आमच्या खोलीचा एकच नियम. खऱ्या माणसाची गोष्ट घ्यायची असेल तर त्या माणसाला फोन करायचा, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. माणूस 'हो' म्हणाला तरच कार्ड भिंतीवर राहणार.

याचं कारण जयेशभाईंचे मेहुणे. तरुणपणी जयेशभाईंनी त्यांना न विचारता नाटकात घातलं होतं. पहिल्या प्रयोगाला मेहुणे तिसऱ्या रांगेत. दुसऱ्या अंकात ते उभे राहिले. आता भांडणार असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी नटाला फक्त डायलॉग दुरुस्त करून दिला. "में आवुं नहोतुं कह्युं." मी असं म्हणालो नव्हतो, एवढंच. आणि बसले. नंतर त्यांनी प्रत्येक प्रयोगाला यायला सुरुवात केली. हे जास्त वाईट, असं जयेशभाई म्हणतात.

मंदारने एक किस्सा आणला होता. त्याच्या सासूबाई दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून लग्नाला गेल्या आणि ओशाळायचं सोडून त्यांनी दिवसभर 'आमच्याकडची पद्धत आहे' म्हणून सांगितलं. सासूबाईंना फोन लावला. त्या पोटभर हसल्या, परवानगी दिली, आणि म्हणाल्या की ही गोष्ट त्यांची नाहीच, त्यांच्या मामेबहिणीची. मामेबहिणीला लावला. तिने परवानगी दिली, पण गोष्ट तिच्या शेजारणीची. शेजारणीने सांगितलं, भजनी मंडळातल्या एका बाईंची. दुपार गेली. बडोद्यातल्या पाच घरांत फोन फिरला, पाचही जणींनी परवानगी दिली आणि पाचही जणींची ती गोष्ट नव्हती.

शेवटच्या बाई म्हणाल्या, "अहो, मला तर हे मंदारनेच सांगितलं, त्यांच्याकडच्या बारशाला."

*

बेलच्या वेळी कुणी फोनबद्दल विचारलं नाही, कारण मी म्हणाले होते की हे मला सुचलंय.

मला तसंच वाटत होतं, निदान पहिले दोन दिवस. मग एका संध्याकाळी पीजीच्या जिन्यावर किल्ली हातात धरून मी हेतल आत असल्या-नसल्याची चौकशी न करता बेल वाजवली, थांबले, किल्ली लावली, आणि तिथेच पायरीवर बसले.

आई मी सात वर्षांची असताना गेली. तेव्हापासून नागरवाड्यातल्या घरात मी आणि बाबा. मी दचकते म्हणून बाबा ऑफिसातून आले की आधी बेल वाजवायचे, ते आलेत हे मला कळावं एवढा वेळ थांबायचे, मग स्वतःच्या किल्लीने उघडायचे. मी उठून दार उघडावं म्हणून ती बेल नव्हतीच. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं ते कधी वाटलंच नाही.

आता मात्र सांगायला हवं होतं, आणि तिथेच अडचण होती. मी बाबांशी चार महिने बोलले नव्हते.

आमच्याकडे चार पिढ्या कागद सांभाळण्यात गेल्या. आधी संस्थानचं दप्तर, मग सरकारी कचेरी. कचेरीतलं घरी बोलायचं नाही, घरातलं कचेरीत नाही. मी हे काम धरल्याचं सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले की घरातल्या गोष्टी चार लोकांत हसायला न्यायच्या, याला नोकरी म्हणतात का. आणि मग, "माझं एक अक्षर तिथे जाता कामा नये, अनू."

मी म्हणाले, "घाबरू नका बाबा. तुमच्यात हसण्यासारखं काही नाहीच."

 मी रागाने भरलेली बॅग त्यांनी दोन जिने उतरून रिक्षात ठेवून दिली.

त्यानंतर फोन नाही, त्यांचा नाही आणि माझाही नाही. मध्ये पुण्याहून मावशीचा मेसेज आला होता, की घरचा लँडलाइन बंद आहे का, तुझे बाबा हल्ली कुणाचाच फोन उचलत नाहीत. मी समजले, रागात आहेत. मोबाइल ते बँकेच्या ओटीपीपुरता चालू करतात आणि परत कपाटात ठेवतात.

इकडे बेल वाढत गेली. पहिल्या एपिसोडला हशा मिळाला म्हणून दुसऱ्यात घेतली. चौथ्यात शेजारी पैज लावतात की भाऊसाहेब बेल कुणासाठी वाजवतात. सहाव्यात सोसायटीची मीटिंग. बघता बघता आठही एपिसोड त्या एका बेलवर टांगले गेले. बोर्डाच्या मधोमध लाल टाचणीने लावलेलं कार्ड: 'बेल.' पंख्याखाली ते इतरांपेक्षा जास्त हलतं असं मला वाटायचं. मी त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले.

*

शेवटचा एपिसोड राहिला होता. आता कारण सांगायलाच हवं होतं. भाऊसाहेब रिकाम्या घराची बेल का वाजवतात?

मालिका काढणाऱ्या कंपनीला त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सगळे एपिसोड पाठवायचे होते. दुपारी जेवणानंतर वीज गेली. खालचं लेथ बंद, पंखा बंद, कार्डं निश्चल. घामाने कागद कोपराला चिकटत होते. मंदार म्हणाला, भाऊसाहेबांना चोराची भीती वाटते. जयेशभाई म्हणाले, घरात पोपट आहे आणि त्याला बेलचा आवाज आवडतो. मंदार म्हणाला, पोपट वारलाय. मग आम्ही अर्धा तास त्या पोपटावर घालवला. एकही कारण बेलपेक्षा मजेशीर होत नव्हतं.

हेतल वहीतून वर न बघता म्हणाली, "सवय असेल. घरात आधी कुणीतरी दचकत असेल."

कुणी हसलं नाही. जयेशभाई माझ्याकडे बघत होते.

"अनघाबेन. ही कोणाची गोष्ट आहे?"

"बाबांची," मी म्हणाले. मग बाकीचंही सांगितलं. बॅग, जिने, आणि मी त्यांना काय म्हणाले ते. सांगताना माझा आवाज कुठूनतरी लांबून येत होता, दुसऱ्याच कुणाच्या सीनमधून आल्यासारखा.

मंदारने खिडकी उघडली. जयेशभाईंनी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते. "लावा फोन," ते म्हणाले. "नियम म्हणून नाही. पण लावा."

मोबाइल टेबलाच्या मध्यावर ठेवला, स्पीकरवर. घरचा नंबर बोटांनी आपोआप दाबला. हॉलमधल्या त्या फोनची घंटी मला दिसायला लागली, म्हणजे तिपाई, तिच्यावरची विणलेली जाळी, बाबांचा चष्मा. वाजत राहिली, वाजत राहिली, तुटली.

परत लावला. परत तुटला.

"झोपले असतील दुपारचे," मंदार म्हणाला.

"ते दुपारी झोपत नाहीत."

तिसऱ्यांदा लावला तेव्हा माझ्या डोक्यात बाबा बाथरूममध्ये पडले होते, मग जिन्यात पडले होते, मग पडले नव्हते, नुसते फोनसमोर बसून त्याच्याकडे बघत होते. हे तिसरं मला सगळ्यात वाईट वाटलं. रिंग तुटली.

जयेशभाई उठले. बोर्डाजवळ गेले आणि लाल टाचणी काढली. "राहू द्या बेन. बेल आपण काढू. पाचची वेळ टळली तर टळू दे. कंपनीशी मी बोलतो." कार्ड त्यांच्या हातात, भिंतीवर मधोमध एक रिकामा चौकोन. आठ एपिसोड एका दमात गेले आणि त्यांनी तोंडावर काहीही दिसू दिलं नाही.

"हजी एक वार," हेतल म्हणाली. आणखी एकदा.

मी लावला. एक रिंग गेली आणि वीज आली. खाली लेथ एकदम किंचाळत सुरू झालं, पंखा खडखडला, सगळी कार्डं एकदम उडाली, आणि मी अशी दचकले की बोट लाल बटणावर पडलं. फोन कापला गेला.

 मी पाणी प्यायले. ओढणीने हात पुसले. खालून लेथचा आवाज इतका येत होता की मला फोन कानाच्या उंचीला धरावा लागला, स्पीकर चालू असूनही. परत लावला.

पहिली रिंग पुरी वाजलीसुद्धा नाही.

"हं, बोल."

 जयेशभाई कार्ड हातात धरून तसेच उभे होते.

"बोल ना, अनू. मघापासून कुणीतरी सारखा फोन करतंय. मी उचललाच नाही. म्हटलं, तुझा यायचा असला तर लाइन मोकळी हवी."

खाली लेथ थांबलं.

पंखा चालू होता.